हंसा, मी भाव विचारला होता

हंसा,

तुझ्या बेसण्याला, तुझ्या शोकसभेला माणसं पुष्कळ आली. हॉलमधल्या पांढऱ्या गाद्या कमी पडल्या, मागे भिंतीला टेकून लोक उभे राहिले. तुझ्या माहेराहून, पादऱ्याहून तुझे दोघे भाऊ आले, माझ्या कारखान्यातले जुने सोबती आले, गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. येणारा प्रत्येक जण तुझ्या फोटोला फूल वाहायचा, मग माझ्यासमोर येऊन हात जोडून म्हणायचा, “तमे तो कंई बाकी न राख्युं, भाई.” मराठी मंडळी तेच मराठीत म्हणायची. तुम्ही काही कमी केलं नाहीत. मी मान खाली घालून हात जोडत होतो. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच, पण मान त्याने खाली गेली नव्हती.

आपली मंजिरी शेजारी बसली होती. असं कुणी म्हटलं की ती माझ्याकडे बघायची नाही. मुद्दाम बघायची नाही, हे मला कळत होतं.

आता पाहुणे गेले. मंजिरीही पुण्याला परत गेली, तिच्या मुलाची परीक्षा आहे. त्या हॉलमध्ये जे कुणाला सांगता आलं नाही ते तुला सांगायला बसलोय. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून तू ते कधीच ऐकलं नाहीस.

आपली ओळख मुळी फोनवरची. मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी परचेसला आणि तू टेलिफोनच्या बोर्डावर. राजकोटचा, मुंबईचा सप्लायर जोडून देताना तू क्षणभर लाइनवरच राहायचीस आणि माझा भावताव ऐकायचीस, हे तू लग्नानंतर कबूल केलंस. “एवढा चिकट माणूस मी पाहिला नव्हता,” असं तू माझ्या आईला तोंडावर सांगितलंस. आई हसून म्हणाली, “मग केलंस कशाला?” तू म्हणालीस, “मला वाटलं, असा माणूस घर नीट चालवेल.”

आणि चालवलं मी घर. फ्रीज असो, पंखा असो, मंजिरीच्या लग्नाचा हॉल असो, तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय मी कुठे सही केली नाही. तू कधी हसायचीस, कधी वैतागायचीस. साडी घ्यायला मला बरोबर न्यायचं तू फार लवकर सोडून दिलंस.

आईची तुझ्याबाबतीत एकच अट होती. घरात मराठी बोलायचं. नागरवाड्यातल्या आपल्या त्या दोन खोल्यांत ती तुला स्वयंपाकघरात बसवून एकेक डबा उघडायची आणि नाव विचारायची. तूही चिवट. शिकलीस. तुझ्या ‘चांगलं’मधला ‘च’ शेवटपर्यंत गुजरातीच राहिला, पण भांडताना तू इतकं सफाईदार मराठी बोलायचीस की मलाच गुजरातीत उत्तर देऊन सुटका करून घ्यावी लागायची. आई गेल्यावर मी एकदा म्हणालो होतो, आता बोल की गुजराती, कुणाची बंदी आहे? तू म्हणालीस, “आता सवय झाली. तुमच्याशी गुजरातीत बोललं की परक्याशी बोलल्यासारखं वाटतं.”

आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण आठवतं? सरकारी कार्डाचं. मी निवृत्त झालो, कारखान्याचं औषधपाणी बंद झालं. विम्याचे हप्ते मी चार कंपन्यांचे मागवले आणि चारही महाग म्हणून फाईलला लावून ठेवले. तेव्हा तू म्हणालीस, “अहो, मग ते सरकारी कार्ड तरी काढून ठेवू. समोरच्या कोकिळाबेननी काढलं. दवाखान्यात उपयोगी पडतं.”

“त्या रांगेत मी उभा राहणार नाही. माझे आजोबा दरबारच्या कचेरीत होते.”

“होते ना? मग बिल भरायला ते येणार आहेत?”

मी चिडलो. म्हणालो, म्हातारपणी बघू. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, “म्हातारपण आलं म्हणून सांगायला पोस्टमन येतो का?” त्यावर मी हसलो आणि विषय तिथेच राहिला. तू पुढे आणखी दोन-चारदा काढलास, मी टाळला. म्हणजे जे फुकट मिळत होतं ते घ्यायला मला कमीपणा वाटत होता, आणि विकत घ्यायचं ते परवडत नव्हतं. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावलं, हे तू विचारायला हवं होतंस.

त्या भांडणाच्या आधी, पण निवृत्तीनंतर, माझ्या छातीचं झालं होतं. मी स्ट्रेचरवर पडलेलो, डॉक्टर तुला सांगत होते की स्टेंट दोन-तीन प्रकारचे येतात, किमतीत फरक असतो. मी पडल्या पडल्या हात वर केला, विचार म्हणून खुणावलं. तू माझा हात धरून खाली ठेवलास आणि डॉक्टरांना म्हणालीस, “साहेब, सारामां सारुं होय ते मूको.” जे चांगल्यात चांगलं असेल ते बसवा. घरी आल्यावर मी तुला बोललो, निदान विचारायचं तरी. तू माझ्याकडे नवलाने बघितलंस. “तुमच्या छातीत ठेवायची वस्तू. तिचा भाव काय विचारायचा?” मग एक दिवस तुझ्या हातात पाटल्यांच्या जागी काचेच्या बांगड्या दिसल्या. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

तो सकाळचा चहा तुला आठवत असेल का, मला माहीत नाही. मी बाहेर पेपर वाचत होतो. आत कप पडल्याचा आवाज आला. मी बसूनच ओरडलो, “काय पाडलंस?” तू उत्तर दिलंस, पण ते शब्द नव्हते. आत आलो तेव्हा तू ओट्याला टेकून उभी होतीस, उजवा हात लोंबत होता, तोंडाची एक बाजू उतरली होती, आणि तुझ्या डोळ्यांत भीती नव्हती, आश्चर्य होतं. हा हात माझं का ऐकत नाही, असं. माझ्या ओरडण्याने कोकिळाबेन धावत आल्या. त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लकवो छे, भाई. रिक्षा बोलावो. जलदी.”

इथपर्यंत सगळं झटपट झालं. जवळचा खासगी दवाखाना, स्कॅन, तरुण डॉक्टर. तो म्हणाला, “काका, मेंदूत गुठळी अडकली आहे. वेळेत आलात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, ते देता येईल. जितकं लवकर देऊ तितकं बरं. सही द्या आणि खाली डिपॉझिट भरा.”

आणि मी विचारलं, “कितीचं आहे?”

त्याने सांगितलं. मला तो आकडा मोठा वाटला. मी पुढचं विचारलं, “त्याने नक्की बरं होईल?”

“नक्की असं काही नसतं, काका. पण द्यायला हवं.”

मी म्हणालो, “एक मिनिट.” आणि बाहेर येऊन फोन काढला.

हंसा, मी दुसऱ्या दवाखान्यात फोन केला. त्यांच्याकडे ते इंजेक्शन कितीला देतात, हे विचारायला. तिथली मुलगी म्हणाली पेशंट घेऊन या, मग सांगू. मी म्हणालो, अंदाजे सांगा. तिने कुणालातरी जोडून दिलं, तिथे घंटा वाजत राहिली. मग मी कारखान्यातल्या देशमुखला लावला, त्याच्या भावाला असंच झालं होतं म्हणून. देशमुखने आधी तुझी चौकशी केली, मग आपल्या भावाची सगळी हकिगत सांगितली, आणि मी मध्येच तोडून विचारलं, “ते राहू दे, इंजेक्शन केवढ्याला पडलं होतं?”

हे सगळं मी तुझ्यापासून दहा पावलांवर उभा राहून करत होतो. तुझ्या खाटेचा पडदा अर्धा उघडा होता. कोकिळाबेन तुझा हात धरून उभ्या होत्या आणि तू माझ्याकडे बघत होतीस. फोनवरचा माझा तो आवाज, जरा खाली आणलेला, समोरच्याला गोडीत घेणारा, तू बोर्डावर बसून वर्षानुवर्षं ऐकला होतास. तू ओळखला असणारच.

कोकिळाबेन बाहेर आल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मागून डॉक्टर आला. आता त्याचा आवाज चढला होता. “काका, द्यायचं की नाही तेवढं सांगा. इथे मिनिटं मोजतात.” मग मी मान हलवली. सही केली, खाली जाऊन पैसे भरले. पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

इंजेक्शन वेळेत बसलं, असं कागदावर लिहिलेलं आहे. तुझा जीव वाचला. हात आणि पाय पूर्ण सुटले नाहीत. मधल्या माझ्या फोनांनी त्यात किती फरक पडला, हे मी नंतर त्या डॉक्टरला एकट्याला गाठून विचारलं. तो भला माणूस. म्हणाला, “ते कुणीच सांगू शकत नाही, काका. उगाच डोक्यात घेऊ नका.” कुणी सांगू शकलं असतं तर बरं झालं असतं. दोष ठरला असता, नाहीतर सुटका तरी झाली असती.

त्यानंतर तुझी वाचा परत आली. पहिल्यांदा म्हणालीस, “पाणी.” तो शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आलो तर तू हळूहळू, एकेक अक्षर उचलत मला विचारलंस, “तमे जम्या?” मी जेवलो का. इतकं झाल्यावर तुझा पहिला प्रश्न तो. मी म्हणालो, “जेवलो गं.” तू पुढेही गुजरातीतच बोललीस, मोडकं, तुटकं. मराठी शब्द काढायला गेलीस की ओठ हलायचे आणि थांबायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं. लहानपणची भाषा आधी परतते, नंतर शिकलेली मागे राहते. बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे काही महिने नेलंत तर तीही येईल.

मी त्या बाईंची फी विचारली आणि म्हणालो, “गुजराती आली ना? पुष्कळ झालं. आम्हाला सगळ्यांना गुजराती येतं.”

त्या बाई मला काहीतरी समजावत होत्या. समजणं वेगळं आणि बोलणं वेगळं, असं काहीतरी. मी नीट ऐकलं नाही. मला वाटलं, आपली सेवा विकतायत.

ते ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

मंजिरी पुण्याहून आली होती. तुझ्या खाटेच्या पायथ्याशी आम्ही दोघं उभे होतो. संध्याकाळी खालच्या काउंटरवरून पैसे भरायला रोज बोलावणं यायचं, त्या दिवशीही आलं होतं. मी तणतणत वर आलो आणि तिथेच सुरू झालो. मंजिरी म्हणाली, “बाबा, हळू बोला. आईला ऐकू जातंय.”

“अगं, तिचं मराठी गेलंय. तिला कुठे कळतंय?”

आणि मग मी मोकळेपणी बोललो, हंसा. खोली बदलून जनरलमध्ये घेऊ म्हणालो. अशा खर्चाला तळ नसतो म्हणालो. उद्या मला काही झालं तर काय करायचं, असं म्हणालो. मंजिरी म्हणाली, “आम्ही देतो ना पैसे.” मी म्हणालो, जावयाचे पैसे मी घेणार नाही. ती म्हणाली, “मग तुमचे घाला. डॉक्टर म्हणतायत अजून काही दिवस इथे व्यायाम मिळाला तर खूप फरक पडेल.”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. “ती काही आता पूर्वीसारखी होणार नाही. मग कशासाठी ओतायचे?”

 तू खिडकीकडे बघत होतीस. मला वाटलं, बाहेर कबुतरं बसली आहेत, ती बघतेयस.

दुसऱ्या सकाळी नर्सने मला सांगितलं, काकी घरी जायचं म्हणतायत. तू माझ्यासमोर पुन्हा म्हणालीस, “मने घेर जवुं छे.” मला घरी जायचंय. मला किती बरं वाटलं ते तुला सांगतो. मी डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, ती स्वतःच मागते आहे, घरच्या हवेत माणूस लवकर सुधारतं. माझ्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली. त्या सहीला मी एक मिनिटसुद्धा मागितलं नाही.

घरी फिजिओच्या बेन येऊ लागल्या. हसतमुख मुलगी होती, तुला ‘मासी’ म्हणायची. ती तुझा हात वर करायला लावायची, तू घामाघूम व्हायचीस, मध्येच ओरडायचीस आणि मग दोघी हसायच्या. थोडा थोडा जीव येत होता हातात. प्रत्येक फेरीचे पैसे ती जाताना घ्यायची. मी पाकीट काढायचो ते तुझ्यासमोरच, पलंगाशेजारी. एकदाही मला वाटलं नाही की दारापर्यंत जाऊन द्यावे. नोटा मोजायची माझी ती जुनी पद्धत, अंगठा ओला करून.

एक दिवस तू पलंगावरून उठलीस, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत चालत गेलीस, आणि तशीच परत आलीस. मी टाळ्या वाजवल्या. तू त्या मुलीला म्हणालीस, “हवे मने सारुं छे. कालथी ना आवतां, बेन.” आता मी बरी आहे, उद्यापासून येऊ नका. ती म्हणाली, “अरे मासी, अजून पुष्कळ बाकी आहे.” तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी तरी नाही म्हणेन. मी म्हणालो, “तिची इच्छा नसेल तर कशाला जबरदस्ती?” आणि खाली जाऊन पेढे आणले. तिला दिले, गल्लीत वाटले. तूही एक खाल्लास.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला असं म्हणता येईल. पण मी तुझ्याबरोबर इतकी वर्षं राहिलो होतो. तू परतताना भिंतीवर तळवा किती घट्ट रोवला होतास, तुझी पावलं कशी फरफटत होती, हे मला दिसलं होतं. मला जे हवं होतं ते तू दाखवलंस, आणि मी तेवढंच पाहिलं.

तुला मराठी कळतं, हे मला समजलं ते एका रविवारी. आदल्या दिवशी मंजिरीचा फोन आला होता, ती कामासाठी अहमदाबादला आली होती आणि रविवारी घरी येणार होती. मी तुझ्याजवळ बसूनच बोललो होतो, “आईला सांगत नाही, ये तशीच, खूश होईल.” रविवारी सकाळी बघतो तर तू कोकिळाबेनना बोलावून घेतलेलं, त्यांच्याकडून ठेवणीतली साडी नेसून घेतलेली, आणि त्या आपल्या ओट्यावर दाळढोकळीची तयारी करत होत्या. मंजिरीला आवडते म्हणून. मी दारात उभा राहिलो.

“हंसा, तुला मराठी कळतं?”

तू माझ्याकडे पाहिलंस. “समजाय छे,” म्हणालीस. “बोलातुं नथी.” समजतं. बोलता येत नाही.

“पहिल्यापासून?”

“पहेलेथी.”

कोकिळाबेन कणीक मळत होत्या, त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली भाजीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं. मला दवाखान्यातली ती खिडकी आठवली आणि मी जे जे बोललो होतो ते एकेक करून आठवू लागलं. तळ नसतो. पूर्वीसारखी होणार नाही. कशासाठी ओतायचे. तू ते सगळं ऐकलंस, रात्रभर त्याच्यासह पडून राहिलीस, आणि सकाळी घरी जायचं म्हणालीस.

तेव्हा आत यायला हवं होतं. तुझ्याजवळ बसून तोंडाने बोलायला हवं होतं. मी आलो तो चहाचं विचारत. दुपारी मंजिरी आली, आपण जेवलो, तू तिला डाव्या हाताने भरवलंस. ती गेल्यावर मी तुझ्याजवळ आलो खरा. पण माफी मागायची तर शब्द सापडेना, म्हणून मी सोपं तेवढं विचारलं. “त्या फिजिओच्या बेनना परत बोलवू?”

“ना, ना,” तू म्हणालीस. “सारुं छे.”

आणि मी, हंसा, हो म्हणालो. सगळं कळून चुकल्यावरसुद्धा. पुन्हा एकदा विचारलं असतं, न विचारता बोलावलंच असतं, तर तू काय मला हाकलणार होतीस? मी हो म्हणालो आणि आतल्या आत, अगदी आत, मला हलकं वाटलं. दवाखान्यातली वाक्यं घाबरलेल्या माणसाची होती असं मी स्वतःला समजावू शकतो. हे हलकं वाटणं मला कुठेच बसवता येत नाही.

मग पावसाळा सरला, नवरात्र आलं. तू गॅलरीत खुर्ची टाकून खालचा गरबा बघितलास, डाव्या हाताने मांडीवर ताल धरून. दिवाळीनंतर एका दुपारी जेवून पडली होतीस. मी उठवायला आलो तर तू उठेनास.

त्या वेळी मी सगळं बरोबर केलं. अँब्युलन्स बोलावली. दवाखान्याच्या दारातच बँकेचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं, म्हणालो, जेवढे घ्यायचे तेवढे घ्या, आधी पेशंट आत घ्या. तोच तरुण डॉक्टर होता. मी त्याचा हात धरला. “साहेब, सारामां सारुं होय ते करो.” तुझं वाक्य होतं ते. माझ्या तोंडून ते चोरल्यासारखं वाटलं. त्याने स्कॅन बघितला, मला बाजूला घेऊन बसवलं आणि म्हणाला, “काका, या वेळी रक्तस्राव आहे, मोठा आहे. आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही.”

“पैशांचं बघू नका,” मी म्हणालो.

“पैशांचा प्रश्न नाही, काका.”

काउंटरवरच्या मुलाने माझं कार्ड मला परत आणून दिलं.

तू गेलीस ती न बोलता. मी तुझ्या कानाशी मराठीत पुष्कळ बोललो. कळतं तुला, हे माहीत होतं तेव्हा बोललो नव्हतो. आता कळत होतं की नाही, कोण जाणे.

काल संध्याकाळी कोकिळाबेन ताक घेऊन आल्या. बसल्या. तुझा विषय निघाला, तेव्हा मी त्यांना सहज म्हणालो, शेवटी शेवटी ती बरी चालत होती.  मग त्यांनी सांगितलं. मी संध्याकाळी बागेत फिरायला गेलो की तू त्यांना हाक मारायचीस. त्या तुला धरून भिंतीच्या कडेने फिरवायच्या, पलंग ते ओटा, ओटा ते पलंग, मी परतेपर्यंत. पाय दुखून तू रडायचीस. मग तोंड धुऊन बसायचीस, आणि मी आलो की माझ्यादेखत उठून पाण्याचा तांब्या आणायचीस. कोकिळाबेन म्हणाल्या, “मी तिला किती वेळा म्हटलं, हंसाबेन, त्या मुलीला परत बोलवा, असं चोरून कशाला? तर ती म्हणायची, ना, ना. एमने बहु चिंता थाय छे.”

त्यांना फार काळजी लागते.

तू असं म्हणालीस. नवऱ्याचा जीव पैशात अडकलाय, असं नाही म्हणालीस. हे तुला खरंच तसं वाटत होतं, की शेजारणीसमोर तू माझी लाज झाकलीस, हे आता मला कोण सांगणार?  कोकिळाबेननी ताकाचं भांडं रिकामं करून घेतलं आणि त्या गेल्या.

त्यांना नाही सांगितलं, पण तुला सांगायलाच हवं.

ती काळजी नव्हती, हंसा.